अन्नावर रुसलेली मुले

पानात टाकू नये, हा संस्कार महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपल्या घरांनी जपला आहे. त्यामुळे मूल ताटावरून उठले की आई रागावते, आजी दृष्ट काढते आणि वडील ‘भूक लागली की खाईल’ म्हणून मोकळे होतात. बहुधा ते खरेही ठरते. परंतु पोटात भूक असूनही न खाणारी काही मुले असतात. त्यांचा हा हट्ट नसून आजार आहे, हे पालकांनी वेळीच ओळखले पाहिजे.

हे दुखणे आजकालचे नव्हे. लंडनचे सर विल्यम गल व पॅरिसचे लासेग या वैद्यांनी १८७३ साली त्याचे वर्णन केले. गल यांनी दिलेले ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव आजही रूढ आहे. यात वजन वाढण्याची भीती भुकेवर मात करते. हाडे दिसू लागली तरी मुलीला आपण लठ्ठच आहोत असे वाटते. ‘बुलिमिया’ हा दुसरा प्रकार १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी मांडला. त्यात अनावरपणे खाणे व मग चोरून ओकून टाकणे असे चक्र चालते. वजन बेताचेच राहत असल्याने घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. हे आजार मुलग्यांनाही होतात.

उपासमार मनावर काय परिणाम करते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये दिसून आले. ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अपुऱ्या अन्नावर ठेवले. हे तरुण चिडखोर व एकलकोंडे झाले; त्यांना अन्नावाचून दुसरा विषय सुचेना; काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. तेव्हा न जेवणाऱ्या मुलाचा तिरसटपणा पुष्कळदा उपासमारीचाच असतो. त्याला व्याख्यान देऊन उपयोग नाही. आधी अन्न पोटात गेले पाहिजे.

काही खुणा ध्यानी ठेवाव्यात: डबा तसाच परत येणे, जेवताच न्हाणीघरात जाणे, सतत थंडी वाजणे, केस गळणे, चक्कर येणे, पाळी थांबणे. नेहमीच्या संकष्टी-एकादशीत अचानक नव्या उपासांची भर पडली, तर तीही भक्तीच असेल असे गृहीत धरू नये. अशा वेळी डॉक्टरांना विलंब न लावता दाखवावे, कारण या आजारात हृदयावर परिणाम होऊन मृत्यूही ओढवतो. फार खंगलेल्या मुलास एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते. ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या उपचारपद्धतीत आईवडिलांना दोषी धरीत नाहीत. उलट काही काळ मुलाच्या जेवणाची सूत्रे त्यांच्याच हाती देतात. पालकांनी रोज पंगतीला शेजारी बसावे, वाद न घालता पण ठामपणे घास घ्यायला लावावा.

आणि एक पथ्य आपण सर्वांनीच पाळावे. ‘अशी जाडी राहिलीस तर स्थळ कुठून मिळणार?’ हे वाक्य लग्नकार्यात आम्ही अनेकदा ऐकतो. बोलणारा विसरतो, बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात मात्र ते घर करून राहते. शाळेत आम्ही शिक्षकांनी आणि घरी वडीलधाऱ्यांनी मुलांच्या अंगकाठीवर बोलणे सोडले, तरी पुष्कळ साधेल.