ताफ्याचा आवाज

कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं, की सरळगाव आणि टोकावडे मागे टाकत माळशेज घाट गाठता येतो. ठाणे-डोंबिवलीच्या जीपवेड्यांची ही हक्काची वाट. थार, जिम्नी, एखादी जपून ठेवलेली जुनी जिप्सी, असा ताफा पहाटे निघतो. निघताना व्हॉट्सअॅपवर ग्रुप तयार असतो आणि सपाटीवर तो चालतोही. डोंगर अंगावर आले की फोनची रेंज ये-जा करू लागते. पावसाळ्यात भर म्हणून धुकं. शेवटच्या गाडीचं चाक चरात गेलं, हे पुढच्याला कळेपर्यंत तो घाटमाथ्यावर चहा मागवून बसलेला असतो.

रेंज असली तरी अशा वेळी फोन गैरसोयीचाच. एकाला लावा, तो उचलेल याची वाट बघा, मग दुसऱ्याला लावा. वॉकीटॉकीचं बटण दाबलं की एकाच वेळी सगळ्या गाड्यांना ऐकू जातं. ‘समोरून एसटी येतेय, ओव्हरटेक करू नका’ एवढे शब्द योग्य सेकंदाला मागच्या चार गाड्यांत पोचले, तर त्या यंत्राची किंमत तिथेच वसूल होते.

जीप आणि वॉकीटॉकी या तशा एकाच घरच्या. दुसऱ्या महायुद्धाने दोन्हींना घडवलं. मोटोरोलाचा एससीआर-300 हा पाठीवरचा सेट पंधरा किलोंच्या आसपास भरायचा आणि तो वाहायला वेगळा सैनिक लागायचा. युद्ध संपल्यावर 1947 पासून महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, आणि गाडी हळूहळू आपल्या गावखेड्यांत रुजली. रेडिओ मात्र पोलीस, रेल्वे आणि लष्कराच्या हातातच राहिला. त्याला कारण कायदा. 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा ठरवलं होतं. वापरणं तर दूरच.

सामान्य माणसासाठी फट पडली ती अलीकडे. 2005 मध्ये सिटिझन बँड, म्हणजे 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, पाच वॉटपर्यंत परवानामुक्त झाला. कागदावर सुंदर, पण आपल्याकडे तो कुणी वापरत नाही. त्याची लहर अकरा मीटर लांब असल्यामुळे नीट चालणारा अँटेना गाडीवर बांबूसारखा डुलतो, आणि बोलायला समोर माणूसच नसतो. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा पट्टाही कमी शक्तीच्या सेटसाठी मोकळा केला. युरोपात हाच पट्टा अर्ध्या वॉटच्या मर्यादेत पूर्वीपासून मोकळा आहे. माझ्या मते आपल्या ताफ्यांसाठी हाच खरा रेडिओ.

हे ऐकून अनुभवी मंडळी नाक मुरडतात. अर्ध्या वॉटने काय होणार? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन पाच वॉटचा, दोन पट्ट्यांवर चालणारा चिनी सेट स्वस्तात मिळत असताना हे खेळणं कशाला? दोन उत्तरं आहेत. पहिलं कायद्याचं. तो चिनी सेट पोलिसांच्या, रेल्वेच्या किंवा कुठल्याही खासगी परवान्याच्या वारंवारितेवर सहज लागतो, आणि परवाना नसताना तो बाळगणारा अडचणीत येतो. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारातल्या अशा विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच गोंधळामुळे.

दुसरं उत्तर भौतिकशास्त्राचं आहे आणि मला ते जास्त पटतं. शक्ती दहापट केली तर मोकळ्या हवेत पल्ला जेमतेम तिप्पट होतो. मध्ये डोंगराची सोंड आली तर पाच वॉटही मुके. खोक्यावरचा ‘दहा किलोमीटर’ हा आकडा सपाट, उघड्या मैदानाचा असतो. झाडीतल्या वळणावळणाच्या वाटेवर एक-दीड किलोमीटर मिळाला तरी समाधान माना. ताफा एवढाच लांब असतो. त्याहून लांब झाला असेल, तर दोष रेडिओचा नाही, पुढच्या ड्रायव्हरच्या पायाचा.

पल्ला वाढवायचा तो जागेने. पत्र्याच्या टपाखाली लहर अडते. कॅनव्हासच्या टपाच्या जुन्या जीपमधून आवाज चांगला जातो, ही तिची न गाजलेली खुबी. बंद गाडीत सेट खिडकीशी धरा. उतारावर, खोलगट जागी बोलण्यापेक्षा चढावर थांबून बोला. मधल्या गाडीने निरोप पुढे-मागे पोचवण्याचं काम अंगावर घेतलं, तर सोंडेआडची शेवटची गाडीही तुटत नाही.

ज्यांना खरोखर दूर बोलायचं आहे, त्यांनी हॅमची, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची, परीक्षा द्यावी. बारा वर्षांपुढच्या कुणालाही देता येते, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही लागत नाही. 144 ते 146 मेगाहर्ट्झचा सेट आणि छतावर अर्ध्या मीटरचा अँटेना लावला, की दऱ्याखोऱ्यांतही चित्र बदलतं. मात्र प्रत्येक गाडीत परवानाधारक हवा, आणि हा परवाना धंद्यासाठी वापरता येत नाही. पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांनी हा मार्ग विसरावा.

यंत्र कुठलंही असो, बोलण्याची शिस्त नसेल तर ते वैताग ठरतं. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द गिळला जातो आणि ‘डावीकडे नको’मधलं नेमकं ‘डावीकडे’ उडतं. दोघे एकदम बोलले तर कुणाचंच धड कळत नाही. लीड आणि स्वीप, म्हणजे पहिली आणि शेवटची गाडी, या दोघांचा हक्क आधी. गाणी आणि विनोद चहाच्या थांब्यावर. विंचने गाडी ओढताना तर स्पॉटर, म्हणजे बाहेर उभं राहून इशारे देणारा, सोडून बाकी सर्वांनी गप्प राहावं, कारण ताणलेल्या दोरीजवळ चुकीच्या माणसाची ‘ओढ!’ ही आरोळी हात-पाय घेऊ शकते. आवाजाने आपोआप सुरू होणारी व्हॉक्स सोय इंजिनच्या घरघरीत बंदच ठेवा. सेटवरचे ‘प्रायव्हसी कोड’ फक्त इतरांचा आवाज तुमच्या कानापासून लांब ठेवतात, तुमचं बोलणं मात्र त्या चॅनलवरचा कुणीही ऐकू शकतो.



सहा गाड्या असतील तर सहा एकसारखे 446 चे सेट घ्या, सातवा जादा ठेवा, आणि निघण्याआधी सोसायटीच्या आवारात प्रत्येकाकडून एकदा बोलून घ्या. दुकानदाराकडे ईटीए, म्हणजे यंत्राच्या सरकारी मान्यतेचं, प्रमाणपत्र मागा. ते दाखवता आलं नाही, तर त्याने किंमत कितीही उतरवली तरी सेट तिथेच ठेवून या.