घोटभर पाणी तान्ह्याला नको, आईला द्या

उन्हाळ्याच्या सुट्टीत विठ्ठलवाडीहून एसटीने गावाकडे निघालेल्या कुटुंबाच्या पिशवीत बाळासाठी वेगळी पाण्याची बाटली ठेवलेली असते. मुरबाड मागे टाकून गाडी माळशेज घाटाला लागेपर्यंत पत्रा तापतो, बाळ लालबुंद होऊन रडू लागतं आणि शेजारून सल्ला येतो, 'घोटभर पाणी पाजा की त्याला.' त्यात माया असते, पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर धोकाही त्यातच असतो. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने, भर उन्हाळ्यातही, फक्त आईचं दूध द्यायला सांगते. वरचं पाणी दूषित असलं तर जुलाब लागतात. ते उकळलेलं असलं तरी इवलंसं पोट त्यानेच भरतं आणि बाळ दूध कमी ओढतं. शिवाय कोवळ्या मूत्रपिंडांना जादा पाणी झेपत नाही. ते फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. उकाड्यात बाळाला एरवीपेक्षा जास्त वेळा पाजावं, आणि ती बाटली आईने प्यावी.

भरल्या गाडीत पाजायचं कुठे, हा आयांचा प्रश्न खरा आहे. एसटीच्या अनेक स्थानकांत हिरकणी कक्ष आहेत, पण कक्षाला कुलूप दिसलं तर ते उघडून मागायला घरच्यांनी पुढे व्हायला हवं. गाडीत आडोसा धरणं हेही नवऱ्याचं, सासूचं काम. 'आमची मुलं पाणी पिऊनच वाढली,' असं आजी म्हणते. वाढली ती आज समोर दिसतात. जुलाबाने दगावलेली बाळंही त्याच पिढीने पाहिली आहेत.

वरचं दूध घेणाऱ्या बाळासाठी पावडर आणि थर्मासमधलं उकळलेलं गरम पाणी वेगवेगळं न्यावं. दूध आयत्या वेळी करून, कोमट झाल्यावर पाजावं आणि उरलेलं टाकून द्यावं. सहा महिन्यांनंतर उकळून गार केलेलं पाणी चालतं. जुलाब झाले तर १ लिटरच्या ओआरएसचं अख्खं पाकीट १ लिटर पाण्यातच कालवावं, अंदाजाने नाही. ते २४ तासच वापरावं, आणि अंगावरचं दूध थांबवू नये. बाळाने सहा तासांत लघवी केली नाही, टाळू खोल गेली, ते मलूल पडलं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर गाव येण्याची वाट पाहू नये. वाटेत मुरबाडला किंवा आळेफाट्याला उतरून डॉक्टर गाठावा, नाहीतर १०८ ला फोन करावा.