राखडीच्या मुलखात चकाकी

चंद्रपुरात गाडीला पॉलिश रोजच होतं, फक्त ते कुणी ठरवून करत नाही. सकाळी दारातल्या गाडीच्या बॉनेटवर करड्या भुकटीचा थर बसलेला असतो. ऑफिसची घाई असते, उन्हाळ्यात पाण्याची चणचण असते. मग डिकीतला कोरडा फडका निघतो आणि छपरापासून दारांपर्यंत हात गोल गोल फिरतो. दोन मिनिटांत गाडी स्वच्छ. वर्षभरानं तीच गाडी उन्हात उभी केली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. मालक मग गॅरेजमध्ये जाऊन विचारतो, ‘कोणतं पॉलिश चांगलं?’ या प्रश्नाचं उत्तर डब्यावरच्या नावात शोधण्याआधी बॉनेटवरच्या भुकटीत शोधावं लागतं, असं माझं मत आहे.

चंद्रपूरलगतच्या दुर्गापूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असतं, त्यामुळे विजेबरोबर राखडही भरपूर तयार होते. ही राखड मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांची बनलेली असते. बरेचसे कण काचेचे सूक्ष्म गोळे असतात, त्यांच्या सोबतीला क्वार्ट्‌झ आणि म्युलाइटचे टणक स्फटिक असतात. आता गॅरेजमधला रबिंग कंपाउंडचा डबा घ्या. त्यातला घासणारा घटक बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनाच असतो. म्हणजे कोरड्या फडक्यानं राखड पुसणारा माणूस कंपाउंडच्या भाऊबंदानंच गाडी घासत असतो. डब्यातले कण मात्र मापाचे असतात, वंगणात भिजलेले असतात आणि मऊ पॅडवर सारख्या दाबानं फिरतात. फडक्याखाली यातलं काहीच नसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं. ती चर्चा फुप्फुसांची होती आणि तीच व्हायला हवी होती. गाडीचा रंग ही त्यापुढे क्षुल्लक गोष्ट. पण हवेत काय आहे याची नोंद तोही ठेवत असतो.

या मुलखात सगळीकडे धूळ एकच नाही. राजुरा, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही हा चुनखडीचा आणि सिमेंटचा पट्टा. तिथली धूळ अल्कधर्मी असते, आणि त्यात सिमेंटचा अंश असला की दवानं किंवा तुरळक सरीनं भिजून ती काचेवर नि रंगावर चक्क घट्ट बसते. ती खरवडून काढायला गेलं तर रंग जातो. तिच्यासाठी पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून, सावलीत, थंड पत्र्यावर लावावं; थोडा वेळ मुरू द्यावं आणि भरपूर पाण्यानं धुवावं. सौम्य आम्ल तो थर सैल करतं. घुग्घूस-वणीकडे कोळशाची काळी धूळ. ती तशी मऊ असते, पण तिच्यात दगडाची कच असते. आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यानं गेलात तर सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागची लालसर धूळ अंगावर येते. हेमॅटाइट हे आधीच ऑक्सिडीकरण झालेलं लोखंड. बाजारात मिळणारं, लागताच जांभळं होणारं ‘आयर्न रिमूव्हर’ ब्रेकमधून उडालेल्या, रंगात रुतलेल्या लोखंडी कणांसाठी असतं. खनिजाच्या धुळीवर त्याचा फार भरवसा ठेवू नये. ती बहुतेक वरवर बसते आणि भरपूर पाणी, शाम्पू एवढ्यानं निघते.

आणि मग जंगल. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या रस्त्यांवर बांबू दोन्ही बाजूंनी गाडीला घासतो. बांबूच्या सालीत सिलिका असते, हे बुरडांच्या सुऱ्यांना ठाऊक आहे. त्यांची धार लवकर जाते. गाडीच्या दारांवर उमटणाऱ्या त्या लांब आडव्या रेघा पुष्कळदा वरवरच्या असतात. नख फिरवून पाहावं. नख अडलं नाही तर रेघ पॉलिशनं जाईल, अडलं तर तिच्या मागे लागू नये. मोहुर्लीच्या फाटकातून ताडोबात जाणाऱ्या जिप्सींच्या अंगावर अशा रेघांचं जाळं असतं. त्यांना कुणी मशीन लावत नाही, आणि त्यात शहाणपण आहे.

हे शहाणपण का, ते रंगाच्या जाडीवरून कळतं. आजच्या बहुतेक मोटारींवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते. त्यातला क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस याहून जाड असतो. सगळी चमक या थराची, आणि उन्हातली अतिनील किरणं शोषणारी द्रव्यंही यातच. कडक कंपाउंडचा एक हात या थरातून काही मायक्रॉन नेतो. दर दसऱ्याला ‘फुल रबिंग’ करून घेणारा माणूस पाच-सहा वर्षांत किती घासून टाकतो याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. छपरावर पांढुरके चट्टे पडून थर सुटू लागला की जगातलं कोणतंही पॉलिश उपयोगाचं नाही, मग फक्त पुन्हा रंग.

जुन्या सवयीचं कारण जुन्या रंगात आहे. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर ड्यूपॉन्टचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला. तो झटपट सुके, पण चमक आणायला त्याला घासावंच लागे. पॉलिशचा धंदा त्याआधीही होताच. फ्रँक मेग्वायर यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत फर्निचरचं पॉलिश बनवायला सुरुवात केली, आणि मोटारी आल्यावर तीच विद्या पत्र्याकडे वळली. टर्टल वॅक्सचे बेन हर्ष १९४० च्या दशकात शिकागोत ‘प्लॅस्टोन’ नावाचं पॉलिश विकत होते. आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळातला रंग एकथरी होता. रबिंग केलं की फडक्याला रंग लागे, वरचा मेलेला थर निघे आणि खालचा ताजा वर येई. तिथे ‘घासलं की उजळतं’ हे खरं होतं. क्लिअर कोट आला तरी मिस्त्रींच्या हातातली सवय तीच राहिली.

आता मशीन. रोटरी बफर एकाच अक्षाभोवती गरगरतो. तो झपाट्यानं कापतो, झपाट्यानं तापतो, आणि कडेवर जरा थबकला की रंग जाळतो. काम झाल्यावर उन्हात जे लाटांसारखे फिरते चट्टे दिसतात, ज्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात, ते याचेच. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन फिरता फिरता डोलतं. वेळ जास्त घेतं, पण चूक करू देत नाही. घरी स्वतः करणाऱ्यानं हे दुसरंच घ्यावं. पॅडच्या बाबतीत रंगावर जाऊ नका. एका कंपनीचं पिवळं कडक, दुसरीचं पिवळं मऊ. लोकर सगळ्यात जास्त कापते, त्याखालोखाल मायक्रोफायबर आणि कडक फोम, मऊ फोम शेवटच्या हातासाठी.

पॉलिश निवडताना एकच नियम मला पटतो: सगळ्यात सौम्य आधी. मऊ पॅड, बारीक पॉलिश, दाराच्या खालच्या बाजूला हातभर चौकोन, चार-सहा फेऱ्या. ओरखडे गेले तर तेच पुरे. नाही गेले तर आधी पॅड बदला, मग पॉलिश. उलटं केलं, म्हणजे आधी कंपाउंड आणि मग त्याचे ओरखडे काढायला पॉलिश, तर गरज नसताना थर जातो. काही पॉलिशांचे कण घासता घासता मोडून बारीक होतात. अशांना पूर्ण वेळ फिरवावं लागतं, अर्ध्यावर पुसलं तर धूसरपणा राहतो. काहींचे कण शेवटपर्यंत तेच राहतात. तिथे फिनिश तुमच्या हातावर, पॅडवर आणि दाबावर. डबा कोणत्या जातीचा, हे विक्रेत्याला विचारून घ्यावं. मशीन लावण्याआधी धुणं तर हवंच. शिवाय हात फिरवल्यावर पत्रा खरखरीत लागला तर क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मऊ वडी), भरपूर वंगणासह. नाहीतर तीच राखड मशीनखाली सापडते.

फसवणूक कुठे होते तेही सांगायला हवं. स्वस्त पॉलिशांत तेलं आणि सिलिकोन असतात. ती ओरखडे काढत नाहीत, बुजवतात. गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते आणि तीन-चार धुण्यांनंतर जाळं परत येतं. पारख सोपी आहे: काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून एक भाग पुसायला सांगावं. ओरखडे तिथल्या तिथे परत दिसले, तर ते गेलेच नव्हते.

आणि तापमान. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो, कधी ४७-४८ गाठतो. उन्हातल्या काळ्या गाडीचं छप्परच ७० अंशांच्या पलीकडे जातं. अशा पत्र्यावर पॉलिशमधलं पाणी आणि द्रावक उडून जातं, कण कोरडे होतात, पॅड अडखळतं, रंग मऊ झालेला असतो. या दिवसांत मशीनचं काम पहाटे किंवा रात्री शेडमध्ये करावं, नाहीतर सरळ पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकलावं.

वॅक्सचं गणित याच उष्णतेवर येऊन थांबतं. पॉलिश आणि वॅक्स ही दोन कामं आहेत, आपल्याकडे ती एकाच डब्यात कोंबून विकतात. आधी जमीन चोपायची, मग सारवायची; सारवून खड्डे बुजत नाहीत. सारवायला काय घ्यावं? गडचिरोलीच्या जंगलात आग्या मोहोळाचं मेण आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं माश्या न मारता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून मध काढण्याची पद्धत अभ्यासली आणि रुजवली. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाख होते, आणि बल्लारशाच्या सागवानी फर्निचरला त्याच लाखेच्या चपड्याचं पॉलिश पिढ्यान्‌पिढ्या शोभलं. पण मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, लाख ७५ च्या आसपास. मेच्या दुपारी छपरावर दोन्ही हरतात. मऊ झालेलं मेण धूळ धरून ठेवतं, आणि राखडीच्या गावात चिकट पृष्ठभागाइतकी वाईट गोष्ट नाही.

कार्नोबा हा मेणाचाच एक प्रकार ८२ ते ८६ अंशांना वितळतो. ईशान्य ब्राझीलच्या सेआरा, पियाउई या रखरखीत प्रदेशात वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवर तो साचतो; ऊन आणि दुष्काळ झेलायला झाडानंच तो बनवलेला असतो. पानं कापून, वाळवून, झोडपून तो झाडून घेतात. चंद्रपूरच्या उन्हाला तोच त्यातल्या त्यात जवळचा. ‘१०० टक्के कार्नोबा’ हे शब्द मात्र जपून वाचावेत. शुद्ध कार्नोबा विटेसारखा कडक असतो, तो फडक्यानं लावताच येत नाही. डब्यात बाकी सारं द्रावक आणि तेलं असतात. १०० टक्के म्हणजे त्यातला मेणाचा वाटा कार्नोबाचा, एवढंच. नुसत्या वितळणबिंदूवर टिकाऊपणाही ठरत नाही. शाम्पू, पाऊस आणि आठवड्याचं धुणं यांनी कार्नोबा दीड-दोन महिन्यांत उतरतो. गंमत अशी की कोळशातूनही मेण निघतं. जर्मनीत लिग्नाइटपासून काढलेलं माँटन मेण पॉलिशांत वापरतात आणि ते कार्नोबाइतकंच उष्णतेला टिकतं. आपला वर्धा खोऱ्यातला गोंडवानी दगडी कोळसा त्या जातीचा नाही. त्याच्या वाट्याला राखडच.

म्हणून मार्च ते जून इथे मी कृत्रिम पॉलिमरचं सीलंट सुचवीन. त्याची चमक कार्नोबाइतकी खोल नसेल, पण ते कोरडं, गुळगुळीत राहतं आणि धूळ पाण्यानं सुटते. कार्नोबाची हौस पावसाळ्यानंतर, दसरा-दिवाळीच्या सुमारास पुरवावी. टेफ्लॉन कोटिंगवर पैसे घालवू नयेत. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं. ते तव्यावर पक्कं बसवायला जी भट्टी लागते ती तुमच्या गाडीला कधी दाखवणार? सिरॅमिक कोटिंग हा खरा पदार्थ आहे, सिलिकाचा घट्ट थर बसतो आणि तो वर्षानुवर्षं टिकू शकतो. पण जाहिरातीतलं ‘९ एच’ हे पेन्सिलीच्या कसोटीवरचं माप आहे, हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीवरचं नव्हे. बांबू आणि कोरडा फडका त्याच्यावरही ओरखडे काढतात. शिवाय गडचांदूर-राजुऱ्याच्या चुनखडीतलं बोअरचं पाणी त्याच्यावर वाळू दिलं तर पांढरे गोल डाग पडतात, आणि त्यातले काही शेवटी मशीनच मागतात. कोटिंगवर वीस हजार घालणाऱ्यानं आधी दोन बादल्या, एक शाम्पू आणि चार चांगले मायक्रोफायबर घ्यावेत. एक बादली साबणाची, एक हातमोजा विसळायची. पाणी फारच कमी असेल त्या दिवशी गाडी मळकी राहू द्यावी. मळ रंगाला तेवढा खात नाही जेवढा फडका खातो. अपवाद पक्ष्यांच्या विष्ठेचा. ती उन्हात तासाभरात रंगाला डाग पाडते, तिथे ओलं फडकं ठेवून, भिजवून, उचलून घ्यावं.

खंडेनवमीला गाडीची पूजा होतेच. कुंकू आणि हळद ताज्या वॅक्सवर लावली तर दुसऱ्या दिवशी सहज धुऊन निघते, म्हणून वॅक्स पूजेच्या आधी करावं, नंतर नाही. लिंबू चाकाखाली ठेवावं, बॉनेटवर पिळू नये; त्याचं आम्ल उन्हात वाळलं की खूण राहते. झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर बंपरच्या जाळीला बांधावा, रंगावर लोंबकळू देऊ नये. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर कंपाउंड काढू नका. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही; गाडी दोन-चार दिवस उन्हात उभी करा. चंद्रपुरात ते तरी फुकट आहे.