वल्ही कोण मारत होतं?

ताथवड्यात बसून समुद्री युद्धांवर पीएचडी? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. समुद्रावरच्या ऐतिहासिक साहसकथा काय दाखवतात आणि काय गाळतात, हा माझ्या कामाचा एक भाग. तो आज जरा सोपा करून सांगते.

रोमन आरमार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? साखळदंडात जखडलेले गुलाम, ढोलाचा ठेका, पाठीवर चाबूक. लू वॉलेस यांच्या 1880 च्या 'बेन-हर' कादंबरीने आणि तिच्यावरच्या 1959 च्या चित्रपटाने हे चित्र जगभर पोचवलं. प्रत्यक्षात रोमन युद्धनौकांवरचे वल्हेकरी बहुतेक स्वतंत्र, पगारी लोक होते. ऑक्टेव्हियनला माणसं कमी पडली तेव्हा त्याने 20,000 गुलामांना मुक्त करून वल्ह्यांवर बसवलं, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. साखळ्या घातलेले वल्हेकरी भूमध्य समुद्रात सर्रास दिसू लागले ते त्यानंतर कित्येक शतकांनी.

यात एवढं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं असं, की वल्हेकऱ्याला नुसती पार्श्वभूमी केलं की लढाईचा निकालच कळत नाही. आपल्या अलिबागजवळच्या खांदेरीचंच बघा.

1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबई बंदराच्या तोंडाशी किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. 18 ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार चालून आलं. इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. पण 'रिव्हेंज' या जहाजाने तोफांच्या जोरावर मराठ्यांच्या पन्नासएक नौकांना मागे रेटलं.

साहसकथा बहुधा इथेच संपली असती आणि विजेती ठरली असती 'रिव्हेंज'!

पण नाकेबंदी असते रसद तोडायला, आणि ती काही तुटली नाही. मोठ्या जहाजाला वारा हवा, खोल पाणी हवं. मराठ्यांच्या नौका लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वारा पडला तरी वल्ह्यांवर पुढे जाणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या बेटावर सामान पोचवतच राहिल्या. शेवटी जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. म्हणजे दिवसा तोफांनी जे मिळवलं, ते रात्री वल्ह्यांनी निकालात काढलं. आणि यातलं बरंचसं आपल्याला कळतं ते खुद्द इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून.

तेव्हा पुढच्या वेळी समुद्री लढाईची कादंबरी हातात घ्याल तेव्हा तीन प्रश्न विचारा: वारा कुठून आहे? पाणी किती खोल आहे? आणि वल्ही कोण मारतंय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चांगला लेखक देतो. तिसरं उत्तर क्वचितच मिळतं. मायनाक भंडारी, दौलतखान ही नावं आपण घेतो. अंधारात, तोफांच्या टप्प्यातून होडी हाकणाऱ्यांची गोष्ट मात्र अजून कोणीतरी लिहायला हवी.