शिधा आणि हाडें

शेतावर राबणारा माणूस काय खातो हें कळण्यास दोन साधनें असतात. एक मालकाकडील शिध्याचा हिशेब, आणि दुसरें चुलीमागचा उकिरडा. अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत पोटोमॅक नदीच्या कांठीं माउंट व्हर्नन नांवाची जी शेतवाडी आहे, तेथें हीं दोन्ही साधनें हातीं आलीं आहेत, परंतु त्यांचा मेळ बसत नाहीं. ही वाडी संयुक्त संस्थानांचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची. जमीन सुमारें ८००० एकर, मळे पांच. पीक प्रथम तंबाखूचें व पुढें मुख्यत्वें गव्हाचें. १७९९ सालीं तेथें ३१७ गुलाम होते.

त्यांना शिधा काय मिळे? पोलंड देशाचा कवि न्येम्त्सेविच हा १७९८ सालीं तेथें पाहुणा होता. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, दर माणशीं आठवड्यास एक गॅलन मका, मुलांस त्याच्या निम्मा, आणि महिन्यास वीस हेरिंग मासे. कापणीच्या दिवसांत शेतांत राबणारांस खारवलेलें मांस. कोंबड्या पाळण्याची मुभा होती. बदकें, हंस व डुकरें यांची नव्हती. मक्याच्या पिठासंबंधींही कुरबूर होतीच. पूर्वी पीठ कोंड्यासकट मिळे, तें पुढें चाळून देऊं लागले. तें पुरत नाहीं ही तक्रार १७९३ सालीं वॉशिंग्टन यांच्या कानीं गेली, व पोटभर द्यावें असें त्यांनीं कारभाऱ्यास लिहिलें. कोंडा गेला म्हणजे कोंबड्यांचाही घास गेला, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

आतां उकिरड्याकडे वळूं. मालकाच्या वाड्याजवळ गुलामांच्या राहण्याची एक मोठी इमारत होती. ती १७९३ च्या सुमारास पाडली गेली. तिच्याखालीं विटांनीं बांधलेलें एक लहानसें तळघर होतें, व त्यांत कित्येक वर्षें घरचा केरकचरा पडत गेला होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुराणवस्तुसंशोधकांनीं तें उकरलें, तेव्हां हाडांचा मोठा सांठा हातीं आला. त्यांत डुकरांचीं व गुरांचीं हाडें आहेत, हेरिंगचीं तर आहेतच. परंतु हरीण, ससा, खार, लावा, रानबदक, कांसव आणि ऑपॉसम नांवाचा पिशवीवाला प्राणी, यांचींही आहेत. शिध्यांत यांपैकीं एकाचेंही नांव नाहीं.

माशांचीं हाडें विशेष बोलकीं आहेत. हेरिंग हा आपल्या तारलीच्या गोतांतला मासा. वसंत ऋतूंत त्याचे थवे नदींत चढतात, व तेव्हां मालकाचीं लांब जाळीं टाकून ते ओढीत. १७७२ सालीं ही पकड दहा लाखांच्या घरांत गेली होती. परंतु तळघरांत पिकरेलसारख्या एकट्यानें फिरणाऱ्या माशांचींही हाडें निघालीं. असे मासे थव्याच्या जाळ्यांत सहसा येत नाहींत. त्यांच्यासाठीं कोणीतरी स्वतः गळ टाकून बसलें असलें पाहिजे. केव्हां? दिवस मालकाचा होता. उरली रात्र, आणि रविवार. ऑपॉसम हाही रात्रींच हिंडणारा प्राणी आहे, हें येथें लक्षांत घ्यावें. तळघरांत शिशाचे छर्रे व बंदुकीच्या चापाची गारगोटीही सांपडली. म्हणजे कांहीं गुलामांच्या हातीं बंदूकही येत असे.

तेव्हां मालकानें दिलेल्या शिध्यास ‘आहार’ म्हणणें बरोबर नव्हे. पोटाची उणीव त्या लोकांनीं आपल्या विसाव्याच्या वेळेंतून भरून काढली, आणि त्या मेहनतीची नोंद कोणत्याही जमाखर्चांत नाहीं. मालकाचा हिशेब तेवढा वाचला तर वीस हेरिंगपाशींच गोष्ट संपते.

मात्र उकरणाऱ्यानें घाई केली तर हाडेंही फसवितात. माती मोठ्या छिद्रांच्या चाळणींतून काढली तर गुरांचीं हाडें वर राहतात व माशांचे बारीक कांटे खालीं निसटतात. मग तेथील लोक मांसच फार खात असत, असा उलटा निष्कर्ष निघतो. मक्याची भाकर तर हाड मागें ठेवीतच नाहीं. आणखी एक गोष्ट. या इमारतींत राहणारे बहुतेक वाड्यांतील चाकर व कारागीर होते. मालकाचा मुदपाकखाना जवळ असल्यानें तेथील उरलेंसुरलें त्यांच्यापर्यंत पोंचणें शक्य होतें. नांगर व कुदळ धरणारे बहुसंख्य गुलाम दूरच्या मळ्यांवर राहत, आणि त्यांच्या ताटांत काय पडे हें या एका तळघरावरून सांगतां येत नाहीं.