दोघांचा वाद्यवृंद

एका यंत्रापायी चांगला जमलेला वाद्यवृंद फुटला आणि त्या फाटाफुटीतूनच एक नवे संगीत जन्माला आले, ही गोष्ट न्यूयॉर्कची. ग्रीनिच व्हिलेज या कलावंतांच्या वस्तीत एक मंडळी रात्री गाणी वाजवीत असत. त्यांतला गायक सिमिअन कॉक्स हा खरा चित्रकार. त्याने एके दिवशी एक जुना ऑसिलेटर आणून मंचावर ठेवला. ऑसिलेटर म्हणजे काय, तर विजेच्या लहरींतून सूर काढणारे प्रयोगशाळेतले खोके. चकती फिरवली की सूर चढतो, उलट फिरवली की उतरतो. वाद्य म्हणून ते कुणी बनवलेच नव्हते! गिटारवाल्यांना हा घुमणारा पाहुणा मानवला नाही. एकेकाने काढता पाय घेतला. १९६७ साली उरले दोघे : कॉक्स आणि ड्रम वाजविणारा डॅनी टेलर. या जोडीने नाव घेतले 'सिल्व्हर ॲपल्स'. तेही येट्स या आयरिश कवीच्या कवितेतून उचललेले.

खरी मौज पुढेच आहे. कॉक्सला पियानो-पेटी काही येत नव्हती. म्हणून त्याने खोक्यावर खोके रचले, तारयंत्राच्या कळा जोडल्या आणि ९ ऑसिलेटर व ८६ कळा-चकत्यांचा एक डोलारा उभा केला. तो हा पसारा हातांनी, कोपरांनी, पायांनी वाजवी आणि वर गातही असे! एवढी धावपळ करणाऱ्या माणसाला सुरांची नक्षी काढायला सवड कुठली? मोजक्या सुरांवर घोळत राहणे भागच होते. त्या अडचणीतूनच आपल्या तंबोऱ्याची आठवण व्हावी असा अखंड नाद निर्माण झाला. टेलरने आपले ड्रम त्या सुरांशी जुळवून घेतले. आपला तबलजी हातोडीने तबला लावतो ना, तसेच. यंत्राचे कौतुक करताना लोक टेलरला विसरतात. माझ्या मते निम्मे श्रेय त्याचेच आहे.

१९६८ साली कॅप रेकॉर्ड्स या कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. ९ गाणी. आवाज जणू धुक्याआडून येतो, खाली ती घुमणारी यंत्रे, आणि ड्रम मात्र घड्याळासारखा पक्का. एका गाण्यात तर चालू रेडिओचे तुकडेच मिसळले आहेत. पुतण्याने ते गाणे आमच्या घरी लावले, तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, स्टेशन नीट लावा की!" त्यांचा दोष नाही. पहिल्या खेपेला मलाही ती खरखरच वाटली; तिसऱ्या खेपेला मात्र मी मान डोलावू लागलो. सगळीच गाणी तितकी उतरलेली नाहीत, हेही सांगून टाकतो.

१९६९ सालच्या दुसऱ्या तबकडीने घात केला. मुखपृष्ठावर ही जोडी पॅन ॲम कंपनीच्या विमानात चालकांच्या जागी बसलेली, आणि मागच्या बाजूला विमान अपघाताचे भग्नावशेष! ती कंपनी कोर्टात गेली. लवकरच जोडीही मोडली. तिसऱ्या तबकडीसाठी मुद्रित केलेली गाणी तशीच पडून राहिली.

पंचवीसएक वर्षे गेली. जर्मनीत कुणी परवानगीवाचूनच जुन्या तबकड्या पुन्हा छापल्या, आणि तरुण वादक त्या शोधशोधून ऐकू लागले. आपले नाव अजून जिवंत आहे, ही बातमी कॉक्सला अशी चोरवाटेने कळली! तो पुन्हा मंचावर आला. पुढे टेलरही सापडला, आणि त्याच्याकडे ती पडून राहिलेली मुद्रणे! १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. पण सुख लाभले ते थोडे. त्याच वर्षी दौऱ्यावर असताना गाडीला अपघात होऊन कॉक्सची मान मोडली.

तो त्यातून उठला. टेलर मात्र २००५ साली वारला. त्याच्या जागी दुसरा ड्रमवाला बसवणे कॉक्सने टाळले. टेलरचे मुद्रित ठोके यंत्रात भरून, त्यांच्या साथीने तो एकटाच गावोगाव वाजवीत राहिला. २०२० साली तोही गेला.