रोमची नाणी जमवायची तर...

पोस्टाची तिकिटे, काडेपेट्यांची चित्रे जमविणारी मुले गावोगाव असतात. त्यांतलीच काही पुढे शिवराई, ढब्बू पैसा, भोकाचा पैसा असल्या जुन्या नाण्यांकडे वळतात. याच वाटेने आणखी पुढे गेले की दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन साम्राज्याची नाणी लागतात. रोमचे नाव निघाले की हा श्रीमंतांचा शौक, असे आपल्याला वाटते. सोन्याच्या नाण्यांपुरते ते खरेही आहे. पण रोमच्या टाकसाळींनी तांब्या-काशाची नाणी इतकी पाडली, की ती अजूनही जमिनीतून निघतात. इंग्लंडात फ्रोम गावाजवळच्या एका शेतात २०१० साली एकाच रांजणात ५२,५०३ नाणी मिळाली! म्हणूनच चौथ्या शतकातले झिजलेले काशाचे नाणे बेताच्या पैशात मिळू शकते, आणि नवशिक्याने सुरुवात तेथूनच करावी.

नाणे घेण्याआधी एक भिंग घ्यावे, आणि शक्य तर सोनाराकडे असतो तसा बारीक वजनकाटा. नाण्याच्या एका बाजूला बादशहाचा मुखवटा आणि त्याभोवती नाव असते. अक्षरे आपली मुले शाळेत इंग्रजीसाठी शिकतात तीच. फक्त दोन शब्दांत जागा सोडलेली नसते आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो. ‘ए व्ही जी’ अशी तीन अक्षरे दिसली की ‘ऑगस्टस’ ही बादशहाची पदवी समजावी. नाणे उलटावे. कॉन्स्टंटाइन बादशहाच्या आणि त्याच्या मुलांच्या काळातले असेल तर पुष्कळदा निशाण धरून उभे असलेले दोन शिपाई दिसतील, किंवा दोन जुळ्या बाळांना पाजणारी लांडगी. ही रोम नगरीच्या जन्मकथेतली लांडगी. खालच्या रेघेखाली जी दोन-चार बारीक अक्षरे असतात ती टाकसाळीची खूण. ‘ए एल ई’ म्हणजे मिसर देशातले अलेक्झांड्रिया, ‘टी आर’ म्हणजे आजच्या जर्मनीतले ट्रीर. नखाएवढ्या तुकड्यावरून राजा आणि गाव दोन्ही कळतात. ही ओळख पटविण्यात जी गंमत आहे, ती नुसती ढीगभर नाणी डब्यात भरण्यात नाही.

शेतकऱ्याच्या घरात संग्रह व्हायचा तर मी म्हणेन, शेतीचीच नाणी शोधावीत. व्हेस्पेशियन हा बादशहा इ.स. ६९ ते ७९ गादीवर होता. त्याचा जन्म खेडवळ मुलखातला. इ.स. ७७-७८ च्या सुमारास त्याच्या राज्यात चांदीची जी नाणी निघाली, त्यांवर काय काय आहे पाहा: जुवाला जुंपलेली बैलजोडी, कणसांनी भरलेले धान्याचे माप, पिलांसह डुकरीण आणि खाली बसून शेळीची धार काढणारा गुराखी! रोमन लोक नवी वसाहत वसविताना नांगराने तिची शीव आखीत. तो नांगर आणि बैल स्पेनमधल्या काही नाण्यांवर उमटले आहेत. ही चांदीची नाणी काशाच्या नाण्यांपेक्षा महाग पडतात, तेव्हा आधी पुस्तकांतील चित्रे पाहून ती ओळखायला शिकावे.

आपल्या देशाचा आणि या नाण्यांचा संबंधही जुनाच आहे. मिरी, मोती आणि तलम कापडासाठी रोमचे व्यापारी येथे येत. हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स (हे त्यांचे नाणे) ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनी नावाच्या त्यांच्या पंडिताने लिहून ठेवली आहे. त्या पैशाचे साठे मुख्यतः दक्षिणेत सापडतात. तामिळनाडूत पुदुकोट्टई येथे १८९८ साली ५०१ सोन्याची नाणी निघाली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर राजाच्या मुखवट्यावर छिन्नीचा घाव होता. संस्कृतातला ‘दीनार’ हा शब्दसुद्धा रोमच्या ‘डिनेरियस’वरूनच आलेला. महाराष्ट्रात पैठण आणि तेर (जुने तगर) या बाजारपेठांतून माल गाड्यांनी भडोचच्या बंदराला जाई. तेर येथे तर रोमन नाण्यांची मातीतली नक्कलही मिळाली आहे. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेची आठवण व्हावी, अशी ती गळ्यात घालण्याची वस्तू होती.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नांगरताना, विहीर खणताना किंवा पांढरीची माती खतासाठी उचलताना नाणी हाती लागली, तर तो संग्रह नव्हे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले की कलेक्टरला लेखी कळवावे लागते. कळविले नाही तर सापडविणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो, शिवाय शिक्षा होऊ शकते. कळविले तर कायद्याने हक्क राहतो: धन बेवारस ठरले आणि वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडविणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारने ते ठेवून घ्यायचे ठरविले तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. आणि नाणी जेथे आहेत तेथेच राहू द्यावीत. १९९२ साली इंग्लंडात हॉक्सन येथे एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला धातुशोधक यंत्र घेऊन त्याचा मित्र आला, तर सोन्याचांदीची नाणी निघू लागली. त्यांनी सगळे उपसून न काढता अधिकाऱ्यांना कळविले. त्यामुळे सुमारे पंधरा हजार नाणी आणि ज्या पेटीत ती होती तिच्या खुणाही जागच्या जागी अभ्यासता आल्या. बक्षीस साडेसतरा लाख पौंड मिळाले, आणि ते मित्राने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मग संग्रहासाठी नाणी आणायची कोठून? परवानाधारक विक्रेत्याकडून, पावती घेऊन. बाजारात किंवा एसटी स्टँडवर “शेतात सापडली, कोणाला सांगू नका” म्हणत कोणी मूठ उघडली तर सरळ पाठ फिरवावी. माल एकतर चोरीचा असतो किंवा खोटा. खरे नाणे दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून हातोड्याने पाडलेले असते. त्यामुळे चित्र थोडे एका बाजूला सरकलेले असते, कडेला चीरही असू शकते. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ दिसते, अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, अक्षरे साबणासारखी गुळगुळीत वाटतात. अगदी एकसारखी दोन नाणी दिसली तर दोन्हींचा संशय घ्यावा.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, राख लावून तांब्यासारखे घासण्याचा मोह आवरावा, आणि घरातल्या मंडळींनाही आधीच सांगून ठेवावे! काशावरचा घट्ट हिरवा थर हेच नाण्याचे कवच आहे. तो गेला की अक्षरेही जातात. माती निघत नसेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात (बॅटरीत घालतात ते) काही दिवस भिजवून मऊ ब्रशने हळू झाडावे. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो रोग समजावा आणि ते नाणे इतरांपासून वेगळे, अगदी कोरड्या जागी ठेवावे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाणी चिकट होतात, कागदी पाकीट बरे. प्रत्येक पाकिटावर नाणे कोणाकडून घेतले, केव्हा, कितीला आणि वजन किती, एवढे त्याच दिवशी लिहून टाकावे.